हाताचा अंदाज

आग विझवायची सिलिंडरं भरून देणाऱ्या त्या कारखान्यात वजनकाटा होता. चांगला आकडे दाखवणारा, दर सहा महिन्यांनी तपासून शिक्का मारून घेतलेला. पण तो असून नसल्यासारखा होता, कारण तिथे तराजू होता. तराजू म्हणजे माणूस. चाळिशीचा, रुंद मनगटांचा, बोलण्यात जरा आढ्यताखोर. सिलिंडर मानेला धरून उचलायचा, एकदा कानाशी हलवायचा आणि आत किती गॅस उरलाय ते सांगून मोकळा व्हायचा. मग कोणीतरी तेच सिलिंडर काट्यावर ठेवायचं आणि सगळे हसायचे, कारण आकडा शंभर ग्रॅमच्या आतबाहेर तोच यायचा. या बाबतीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मालकसुद्धा गिऱ्हाइकांसमोर त्याला मुद्दाम बोलावून हा खेळ करून दाखवायचे. त्याचं खरं नाव आता हजेरीच्या वहीत तेवढं उरलं होतं.

एखादी गोष्ट फार चांगली यायला लागली की माणसाला वाटतं, ती सगळीकडे चालणार. तराजूचंही तेच झालं. स्वयंपाकाचा गॅस किती दिवस पुरेल हे तो पायाने टाकी हलवून सांगायचा. दाढीच्या फेसाचा डबा, डासांचा फवारा, केसांना लावायचा स्प्रे, दिसेल ते कानाशी नेऊन हलवायचा आणि निकाल द्यायचा. बहुतेक वेळा तो बरोबर निघायचा, हीच तर पंचाईत होती.

त्याची एकुलती एक मुलगी नऊ वर्षांची. एका जागी बसणं तिला कधी जमलंच नाही, म्हणून घरात आणि शाळेत तिला भिंगरी म्हणत. सात वर्षांची असताना तिला दम्याचा पहिला झटका आला, तेव्हापासून घरात दोन पंप आले. मुलांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी दोघा नवराबायकोंना समोर बसवून सांगितलं होतं, "तपकिरी पंप रोजचा. सकाळी दोन फवारे, संध्याकाळी दोन. मूल उड्या मारत असलं तरी द्यायचा, कारण तो दिला म्हणूनच ते उड्या मारतंय. निळा पंप अडीअडचणीचा. दम लागला की तो. आणि निळा जास्त लागायला लागला, तर समजा की तपकिरीचं काहीतरी बिनसलंय. लगेच माझ्याकडे या."

हे शेवटचं वाक्य बायकोने लक्षात ठेवलं. तराजूने पंप हातात घेऊन त्याचं वजन पाहिलं.

बायको शाळांचे गणवेश शिवायच्या कारखान्यात होती. मोजल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हे तिच्या अंगात भिनलेलं. तिने कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने खुणा करायला सुरुवात केली. चार उभ्या, पाचवी आडवी. तपकिरी पंपावर एकशे वीस फवारे असं छापलेलं होतं. एकशे वीस खुणा झाल्या की पंप टाकायचा, नवा काढायचा. गेली दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं, कारण पंप कधी संपतो याकडे तराजूचं लक्ष नव्हतं. या खेपेला नेमकं गेलं.

"हा टाकते आता," ती संध्याकाळी म्हणाली. "एकशे वीस झाले. नवा परवाच आणलाय, खणात आहे."

"बघू." त्याने पंपातली धातूची छोटी बाटली उपसून काढली, कानाशी नेली, हलवली. "हा संपला म्हणतेस? अगं, अर्धा आहे हा. ऐक की."

"ऐकायचं काय त्यात? बाटलीवर आकडा लिहिलाय."

"लिहिणारे लिहितात. त्यांना नवा खपवायचा असतो." त्याने बाटली परत बसवून हवेत एक फवारा मारला. भरघोस फवारा आला. "हे काय मग? भरलेलं सिलिंडर टाकून देणारा माणूस आमच्याकडे एक दिवस टिकणार नाही. पुरा होऊ दे, मग काढ नवा."

"डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या मोजा म्हणून."

"डॉक्टरबाईंना छातीतलं कळतं. बाटलीतलं मला कळतं."

ती दोन दिवस वाद घालत राहिली. मग थकली. बारा वर्षांच्या संसारात त्याच्या हाताचा अंदाज चुकलेला तिने फारसा पाहिला नव्हता, आणि दिवसभर मशीनवर बसून आलेल्या बाईला रोज संध्याकाळी तोच तोच वाद नको वाटतो. तिने नवा पंप खणातच ठेवला, सील न फोडता. कपाटाच्या दारावरच्या खुणा थांबल्या.

त्या बाटलीत काय होतं ते इथेच सांगून टाकायला हवं. अर्धी नव्हती ती. औषध संपलं होतं. अशा पंपात औषध बाहेर ढकलायला गॅस भरलेला असतो, आणि तो नेमका लागेल तेवढाच भरत नाहीत, जरा जास्तच भरतात. औषध संपल्यावरही तो कितीतरी दिवस फवारा मारत राहतो. तराजूच्या हाताला कळलं ते खोटं नव्हतं, आत वजन होतं, आवाज होता, दाब होता. नव्हतं ते फक्त त्याच्या लेकीला हवं होतं ते.

"बाबा, याला चव नाही लागत," भिंगरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी म्हणाली.

"जुना झाला की चव उडते," तो म्हणाला. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, तोंडाला आलं ते बोलला. मग वाकून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "पण बरं वाटतंय ना?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. "हो," म्हणाली, आणि चूळ भरायला गेली.

तीन आठवडे गेले. आधी सकाळचा खोकला आला, कोरडा, दात घासताना येणारा. मग हसताना खोकला यायला लागला, तशी ती कमी हसायला लागली. तीन मजले एका दमात चढणारी पोर दुसऱ्या मजल्यावर थांबून चपलेचा पट्टा नीट करायचं नाटक करू लागली. निळा पंप आठवड्यातून एकदा लागायचा, तो रोज लागू लागला. हे सगळं बायकोच्या नजरेतून सुटलं नाही. तिने दवाखान्यात फोन करून पुढच्या मंगळवारची वेळ घेतली. तराजू म्हणाला, "हवा बदललीय. सगळ्यांनाच होतंय." निळा पंप दप्तरात असायचा. दीड वर्षापूर्वी काढलेला, कोणी न मोजलेला. बायकोला त्याचीही शंका आली, तिने तसं बोलून दाखवलं. तराजूने तोही कानाशी नेऊन हलवला आणि म्हणाला, "भरपूर आहे."

मंगळवारच्या आधी शनिवार येतो. शनिवारी त्याला अर्धा दिवस, बायकोला गणवेशांची घाई, ती संध्याकाळपर्यंत कामावर. सोमवारी सकाळी परस्पर दोन शाळांना सिलिंडरं पोचवायची म्हणून तो कारखान्याची गाडी घरी घेऊन आला होता. इमारतीच्या जिन्यात रंगकाम चालू होतं. रंगारी पहिल्या मजल्यावर शिडी लावून बसलेला, सगळा जिना त्या तेलकट वासाने भरलेला. तराजूला त्याचं काही वाटलं नाही. जेवला, भांडी विसळली, वर्तमानपत्र उघडलं.

भिंगरी खाली मैत्रिणीकडे गेली होती. तीनच्या सुमाराला ती त्या वासातून तीन मजले चढून आली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. खोकत नव्हती. खोकला नाही म्हणजे फार काही नाही, असं त्याला क्षणभर वाटलं. मग त्याने नीट पाहिलं. तिचे खांदे कानापर्यंत वर गेले होते. प्रत्येक श्वासाला सूं सूं आवाज येत होता, गळ्याखालची खळगी आत ओढली जात होती आणि फ्रॉकवरूनसुद्धा फासळ्या दिसत होत्या.

"बाबा," ती म्हणाली, मग एक श्वास, मग, "पंप."

दवाखान्यात शिकवलं होतं तसंच सगळं त्याने केलं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. तिला आडवं केलं नाही, खुर्चीत ताठ बसवलं. गळ्याचं बटण काढलं. निळा पंप हलवून प्लास्टिकच्या नळीला जोडला, नळीचं दुसरं टोक तिच्या तोंडात दिलं. एक फवारा, पाच श्वास. पुन्हा एक, पाच श्वास. घाई नाही, गडबड नाही.

"बरं वाटतंय?"

तिने मान हलवली. हो.

"शाब्बास. अजून दोन घेऊ."

घेतले. पुन्हा विचारलं. पुन्हा तिने त्याच्याकडे बघत मान हलवली. हो. पण तिच्या ओठांचा रंग त्याला आवडेना. सहा झाले, आठ झाले, दहा झाले. दहाव्यानंतर त्याने पंप काढून कानाशी हलवला. आत खळखळलं. "आहे, आहे," तो तिला म्हणाला, "भरपूर आहे, काळजी करू नकोस."

पुढच्या वेळी विचारलं तेव्हा तिने मान हलवली नाही.

त्याने तिला उचललं आणि जिना उतरला. पहिल्या मजल्यावर रंगाऱ्याने शिडीवरून पाहिलं आणि काही न विचारता ब्रश डब्यात टाकला. "किल्ली द्या, मी चालवतो, तुम्ही पोरीला धरा," म्हणाला. गाडीत बसताना आपल्या शर्टाला रंगाचा वास मारतोय हे रंगाऱ्याच्या लक्षात आलं, तेव्हा त्याने तो काढून रस्त्यावर फेकला आणि उघड्या अंगाने गाडी चालवली, काचा खाली करून. मागे सिलिंडरं एकमेकांवर आपटत होती. तराजू मांडीवरच्या मुलीला फवारे देत होता. देतच होता. त्या रंगाऱ्याचे उपकार कसे फेडायचे ते त्याला पुढे कधी सुचलं नाही.

हॉस्पिटलमध्ये ती त्याच्या हातातून काढून घेतली गेली. मास्क, ऑक्सिजन, औषधाची वाफ, सुई, सलाइन. तरुण डॉक्टरने छातीला स्टेथोस्कोप लावला, पुढून ऐकलं, मागून ऐकलं. "छातीत आवाजच नाही," तो शेजारच्याला म्हणाला.

तराजूचा जीव भांड्यात पडला. घरी सूं सूं आवाज येत होता, आता नाही म्हणजे सुटलं. त्याने तसं बोलूनही दाखवलं. शेजारी उभ्या असलेल्या वयस्कर सिस्टरने त्याच्याकडे पाहिलं. बाई कडक होत्या, पण वाईट नव्हत्या.

"आवाज येण्यासाठी छातीत हवा आत-बाहेर व्हावी लागते हो," त्या म्हणाल्या. "तिच्या छातीत हवाच जात नाहीये."

त्यांनी त्याला बाहेर आणलं, टेबलाशी बसवलं आणि औषधं कोणती, किती वेळा, विचारायला सुरुवात केली. त्याने दोन्ही पंप टेबलावर ठेवले. एव्हाना त्याला बोलायला बरं वाटत होतं, कारण यात त्याचं काही चुकलेलं नव्हतं. रोज दोन वेळा तपकिरी, एक दिवसही चुकवलेला नाही. आज निळ्याचे वीस-बावीस फवारे दिले.

"वीस-बावीस देऊन काहीच फरक नाही?" सिस्टरनी निळा पंप उचलला, चष्मा वर करून बारीक अक्षरं वाचली. "हा कधी काढलेला?"

"दीड वर्ष झालं असेल. पण भरलेला आहे. बघा हलवून."

सिस्टरनी हलवला नाही. "दोनशे फवाऱ्यांचा आहे हा. तुम्ही मोजले होते?"

"मोजायची गरज काय? मी सिलिंडरं भरायचंच काम करतो. आत माल आहे की नाही ते मला हाताला कळतं."

"आत गॅस आहे, दादा," सिस्टर म्हणाल्या. "गॅस राहतो मागे. औषध..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच त्याला कळलं होतं. इतर कुठल्या बापाला समजावून सांगावं लागलं असतं, याला नाही. पावडरच्या सिलिंडरला दाबाचा काटा असतो. काटा हिरव्यात असतो, लोक खुश असतात, आणि आत पावडर कधीच दगड होऊन बसलेली असते. आग लागली की नुसता गॅस फुसकन निघून जातो आणि जळायचं ते जळतं. हे त्याने स्वतः शेकडो गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. काट्यावर जाऊ नका म्हणून. बायाबापड्यांना, हॉटेलवाल्यांना, शाळेच्या शिपायांना. सांगताना त्याला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटायचं.

"आणि हा?" त्याने तपकिरी पंपाकडे बोट दाखवलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

"हा किती दिवस चालला?"

"तीन आठवडे जास्त."

"म्हणजे तीन आठवडे तिला काहीच मिळालेलं नाही," सिस्टर म्हणाल्या, आणि ते कागदावर लिहून घेतलं.

बायको आली तेव्हा तिच्या गळ्यात मापाची टेप तशीच होती. कारखान्यातून थेट पळत आली होती. काचेतून मुलीला पाहिलं. तोंडात नळी घातलेली, मशीन तिच्यासाठी श्वास घेत असलेलं. ती वळली आणि म्हणाली, "मी सकाळी गादी झटकली. तिच्यासमोर झटकली. माझ्यामुळे झालं."

तराजूला गप्प बसता आलं असतं. मोह झाला, खोटं कशाला सांगायचं. ती गादीला दोष देत होती, सिस्टर आत गेल्या होत्या, आणि पंप टेबलावरून उचलून खिशात टाकायला एक क्षण लागला असता. त्याने एवढंच केलं की तो मोह पुरा व्हायच्या आत तोंड उघडलं.

"पंप रिकामे होते," तो म्हणाला. "दोन्ही. तू म्हणत होतीस तेच खरं होतं."

ती रडली नाही, ओरडली नाही. त्याने शिव्या खायची तयारी केली होती, ती वाया गेली. ती बाकावर बसली, गळ्यातली टेप काढून बोटाभोवती गुंडाळत म्हणाली, "मी ऐकायला नको होतं तुमचं." तेवढंच. दोन दिवस ती त्याच्याशी दुसरं काही बोलली नाही. चहा आणून द्यायची, कप त्याच्या शेजारी ठेवायची, आणि काचेशी जाऊन उभी राहायची.

तिसऱ्या दिवशी नळी काढली. भिंगरी वाचली होती. घसा बसलेला, हात सुयांनी निळे पडलेले, आणि चेहरा एवढासा. दवाखान्याच्या डॉक्टरबाई मुद्दाम बघायला आल्या होत्या. त्यांनी स्वतः नवा पंप नळीला लावून दिला. भिंगरीने श्वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"याला चव आहे," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"आधीच्याला नव्हती का गं?" डॉक्टरबाईंनी सहज विचारलं.

"खूप दिवस नव्हती. बरं पण नव्हतं वाटत त्याने."

तराजू पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. "पण मी रोज विचारायचो तुला," तो म्हणाला. "तू हो म्हणायचीस."

"तू एवढा बघायचास ना माझ्याकडे." ती थांबली, श्वास घेतला. "मी हो म्हटलं की हसायचास. नाही म्हटलं असतं तर तुझा चेहरा पडला असता."

"आणि परवा? घरी? तेव्हासुद्धा?"

ती चादरीचा काठ ओढत राहिली. म्हणजे हो.

डॉक्टरबाईंनी त्याला बाहेर नेलं. "पंपाचं सोडा," त्या म्हणाल्या. "पंप आता बायको मोजेल, तो प्रश्न सुटला. मला भीती वाटतेय ती दुसऱ्याच गोष्टीची. दम लागलाय हे सगळ्यात आधी मुलाला कळतं. आपल्याला दिसतं तोवर अर्धा वेळ गेलेला असतो. आणि हिला बरं आहे म्हणायची सवय लागलीय. ती मोडा."

"कशी मोडू?"

"ते मला नाही सांगता यायचं," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या.

घरी आल्यावर भिंतीवर एक कागद लागला. वर हिरवा, मध्ये पिवळा, खाली लाल. कधी काय द्यायचं, कधी थेट हॉस्पिटल गाठायचं, सगळं लिहिलेलं. दोन्ही पंप नवे आले, खुणा पुन्हा सुरू झाल्या, तपकिरीच्या वेगळ्या, निळ्याच्या वेगळ्या. तराजू पंपांना हात लावेना. कारखान्यातही त्याने खेळ बंद केला. मालकांनी गिऱ्हाइकांसमोर हाक मारली तेव्हा त्याने सिलिंडर उचललं, काट्यावर ठेवलं आणि आकडा वाचून दाखवला. लोकांना वाटलं, मूड नाही.

बाकी सगळं जमलं, एक सोडून. तो भिंगरीला विचारायचा, "कसं वाटतंय?" ती म्हणायची, "बरं." आणि त्या एका शब्दाचं काय करायचं हे त्याला कळेना. पूर्वी त्या 'बरं'वर त्याचा दिवस छान जायचा. आता तो तिच्या पाठीला कान लावून बसायचा. आत काय चाललंय ते त्याला कळत नव्हतं. कधी आवाज नसायचा, आणि आवाज नसणं म्हणजे काय असू शकतं ते आता त्याला ठाऊक होतं. मग तो खोदून खोदून विचारायचा, "खरं सांग. अगदी खरं?" एकदा तर खेकसला, "खोटं बोलायचं नाही माझ्याशी." ती दचकली, आणि दुप्पट घाईने म्हणाली, "खरंच बरं आहे, बाबा." बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "असं ओरडून खरं बाहेर पडतं का कुठे?" बरोबर होतं तिचं. तो चोरासारखा गॅलरीत जाऊन उभा राहिला.

महिन्याभराने एका संध्याकाळी भिंगरी शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि कोणी न सांगता अभ्यासाला बसली. तिथेच काहीतरी चुकत होतं. तराजू समोर येऊन बसला. तिचे खांदे किंचित वर होते, किंवा त्याला तसं वाटलं. आता त्याला रोजच तसं वाटायचं.

"कसं वाटतंय?"

तिने मान वर केली. आणि या वेळी त्याने पाहिलं. उत्तर द्यायच्या आधी ती त्याचा चेहरा वाचत होती. डोळे, कपाळ, तोंड, सगळीकडे नजर फिरवून. बाबाला आज किती झेपेल याचा अंदाज घेत होती. ती नऊ वर्षांची होती, आणि हे ती किती दिवस करत होती कोण जाणे.

"बरं आहे," ती म्हणाली.

तो उठला. भिंतीपाशी गेला, तिच्याकडे पाठ केली आणि तोंड भिंतीकडे करून उभा राहिला, शिक्षा झालेल्या पोरासारखा. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन बघत राहिली.

"आता सांग," तो म्हणाला. "मी बघत नाहीये."

मागे वहीचं पान वाजलं. खुर्ची जरा सरकली. त्याने वळायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ते त्याला फार जड गेलं.

"नाही बरं वाटत," भिंगरी म्हणाली.

"कधीपासून?"

"मधल्या सुट्टीपासून." श्वास. "पाठीतून दुखतंय."

त्याचा चेहरा पडला. चांगलाच पडला. तो तसाच भिंतीकडे ठेवून त्याने बायकोला निळा पंप आणायला सांगितलं, आणि मुलीला म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. अजून काय होतंय ते सांग. सगळं सांग."

ती सांगू लागली, आणि तो तसाच उभा राहून ऐकत राहिला.